पुंगळीचा हिशेब आणि कापसाचा हिशेब

मागची बैठक संपत आली होती. कापसाच्या खरेदीवर बोलून बोलून सगळ्यांचे घसे बसले होते. तेवढ्यात शेवटच्या रांगेतला एक पोरगा उठला आणि त्याने खिशातून एक पुंगळी काढून टेबलावर ठेवली. बंदुकीच्या गोळीची, रिकामी, पितळेची, करंगळीएवढी. ऊसतोडीच्या टोळीबरोबर तो राहुरीकडे गेला होता, तिथे त्याला ती मिळाली. त्याने विचारले, "भाऊ, हे भंगारात किलोवर जाते. याच्या एका किलोला जो भाव आहे तो आपल्या कापसाच्या किलोच्या कितीतरी पट आहे. याला पेरणी नाही, फवारणी नाही, वेचणी तेवढी आहे. मग आपण कापूस कशाला पेरतो?"

सगळे हसले. मग हसणे थांबले, आणि कोणालाच उत्तर सुचेना. बैठक तशीच उठली.

त्या पोराच्या प्रश्नाला उत्तर देणे आम्हाला भाग आहे. "आपल्या नंदुरबार जिल्ह्यात कुठे आहे तोफखान्याची रेंज? हा आपला प्रश्नच नव्हे," असे काही कार्यकर्ते म्हणाले. आम्हाला हे पटत नाही. कोरडवाहू शेतकरी नांगर सोडून दुसऱ्याने झाडलेल्या गोळ्यांचे भंगार वेचायला का जातो, हा प्रश्न साऱ्या कोरडवाहू मुलखाचा आहे.

आधी ती पुंगळी काय चीज आहे ते समजून घेऊ. सत्तर भाग तांबे आणि तीस भाग जस्त असे हे पितळ. गोळी सुटते तेव्हा पुंगळी फुगून बंदुकीच्या नळीला आतून घट्ट बसते, दारूचा धूर मागे येऊ देत नाही, आणि दाब उतरताच पुन्हा आकसून सुटी होते. लोखंडाला हे इतके सुबक जमत नाही, म्हणून इतके महाग पितळ यात घालतात. या पुंगळ्या काही विलायतेहून येत नाहीत. आपल्याच खानदेशात, भुसावळजवळ वरणगावला, १९६४ पासून गोळ्यांचा कारखाना आहे. पितळेच्या पत्र्याच्या चकत्या कापायच्या, त्यांच्या वाट्या करायच्या, त्या वाट्या तापवून तापवून ओढत लांबवायच्या, तेव्हा पुंगळी तयार होते. जळगावच्या पोराने कारखान्यात घडवलेली पुंगळी नगरच्या माळावर झडते, आणि तिथला शेतकरी ती भंगारात विकून मीठ-मिरची आणतो.

लष्कराच्या लहान चांदमारीवर, जिथे जवान रायफलीचा सराव करतात, तिथे पुंगळी सहसा बाहेरच्या माणसाच्या हाती लागत नाही. तिथला हिशेब कडक असतो. जवानाला गोळ्या मोजून मिळतात. सराव संपला की सगळे रांगेने वाकून गवतातून, मातीतून पुंगळ्या वेचतात. मग निवड होते. पितळेच्या पुंगळ्या वेगळ्या, दुसऱ्या धातूच्या वेगळ्या, न उडालेल्या गोळ्या सगळ्यांत आधी आणि सगळ्यांत लांब. बुडाच्या टोपीवर ठोक्याची खूण आहे की नाही ते बघतात. पण खूण असूनही न उडालेली गोळी असू शकते, म्हणून नुसत्या खुणेवर कोणी विसंबत नाही. शेवटी मोजदाद. जितक्या गोळ्या दिल्या तितक्या पुंगळ्या आणि उरलेल्या गोळ्या मिळून जमल्या पाहिजेत. आपल्याजवळ जिवंत वा रिकामे काडतूस नाही असे प्रत्येकाला सांगावे लागते. एक पुंगळी कमी पडली तर अंधार पडेपर्यंत शोध चालतो. एन. सी. सी. त गेलेल्या आपल्या पोरांना विचारा, तेही हेच सांगतील.

हे योग्यच आहे. या शिस्तीची आम्ही टिंगल करीत नाही. उलट आम्हाला तिचा हेवा वाटतो. सहा ग्रॅमच्या पुंगळीचा इतका चोख हिशेब ठेवणारे हेच सरकार क्विंटल कापसाला खर्च किती आला याचा हिशेब मांडताना मात्र का अडखळते?

मोठ्या रेंजची गोष्ट निराळी आहे. अहिल्यानगर जिल्ह्यात, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगरात, खारे-कर्जुन्याची के. के. रेंज आहे. तिथे रणगाड्यांच्या तोफा झडतात. नाशिकजवळ देवळालीला तोफखान्याची शाळा आहे, तिची रेंज आहे. तिथे मैलोगणती माळावर गोळे पडतात. तोफेचा गोळा जिथे फुटतो तिथे त्याचे तुकडे उडतात. कोणी वेचले, कोणी नाही. काही गोळे फुटतच नाहीत. मातीत रुततात, पावसाळ्यात गाळाखाली जातात, नांगरटीला किंवा पुराला वर येतात. रेंजच्या कडेच्या गावांतली माणसे, बायका, गुराखी पोरे हे तुकडे वेचतात. लोखंड एका बाजूला, ॲल्युमिनियम दुसऱ्या बाजूला, आणि तांबे-पितळ फडक्यात बांधून घरात. चुंबक लावून लोखंड ओळखायचे, रंगावरून पितळ ओळखायचे, हे शिक्षण त्यांना कोणत्या आय. टी. आय. ने दिलेले नाही.

मरण येते ते तांब्यापायी. तोफेच्या गोळ्याच्या कमरेला तांब्याचा पट्टा असतो. भंगारवाला लोखंडाला जे देतो त्याच्या अनेक पट या पट्ट्याला देतो. न फुटलेला गोळा हाताशी आला की माणूस पट्ट्याकडे बघतो, पोटात भरलेल्या दारूकडे बघत नाही. त्यानंतर काय होते ते सांगायला तो राहत नाही. खारे-कर्जुन्याच्या परिसरात अशी माणसे गेली आहेत. मध्य प्रदेशात इटारसीजवळच्या प्रूफ रेंजच्या कडेला, केसला भागात, कोरकू आणि गोंड आदिवासी अशाच गोळ्यांच्या भंगारावर जगत आले आणि त्यात मरत आले, हातपाय गमावत आले. त्यांची गावे आधी रेंजने आणि तवा धरणाने घेतली. जमीन गेली, जंगल गेले, उरले ते आभाळातून पडणारे लोखंड.

आणि हा धोका केवळ चोरून वेचणाऱ्यालाच असतो असेही नाही. आपल्याच कापसाच्या मुलखात, वर्धा जिल्ह्यात, पुलगावच्या दारूगोळा भांडाराजवळ सोनेगाव आबाजी येथे मुदत संपलेला दारूगोळा नष्ट करण्याचे मैदान आहे. २० नोव्हेंबर २०१८ रोजी सकाळी तिथे माल उतरवताना स्फोट झाला. सहा माणसे मेली. त्यांत बहुतेक ठेकेदाराने आणलेले आसपासच्या गावचे मजूर होते. नोव्हेंबर महिना! कापूस वेचणीचा ऐन हंगाम. ज्या महिन्यात वऱ्हाडातल्या शेतकऱ्याच्या घरात माणूस पुरत नाही, त्या महिन्यात माणसे बॉम्बच्या पेट्या उतरवायला गेली होती. यातच सगळे आले.

अशी घटना घडली की दुसऱ्या दिवशी ठरलेली वाक्ये छापून येतात. लोक अडाणी आहेत. लोक लोभी आहेत. फलक लावलेले असतानाही आत शिरतात. जनजागृती केली पाहिजे.

आम्ही विचारतो, लोभी कोण? २०२५-२६ च्या हंगामासाठी लांब धाग्याच्या कापसाला सरकारने ८,११० रुपये क्विंटल हमीभाव जाहीर केला. म्हणजे किलोला एक्याऐंशी रुपये दहा पैसे. संकरित ज्वारीला ३,६९९ रुपये, म्हणजे किलोला सदतीस रुपयेसुद्धा नाही. आणि हा भाव जाहीर करून तीन महिने होतात न होतात तोच, १९ ऑगस्ट २०२५ पासून, परदेशी कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क माफ केले. आधी सप्टेंबरअखेर, मग मुदत वाढवून ३१ डिसेंबरपर्यंत. आपला कापूस घरात यायच्या दिवसांतच बाहेरच्या कापसाला दार उघडे. एका हाताने हमीभावाचा कागद द्यायचा आणि दुसऱ्या हाताने बाजार पाडायचा, हा खेळ आपण एकाधिकार खरेदीच्या दिवसांपासून पाहतो आहोत. सरकारे बदलली, खेळ तोच राहिला.

पाऊस वेळेवर आला तर कापूस. बोंडअळी आली नाही तर कापूस. वेचणीला माणूस मिळाले तर कापूस. ओल टिकली तर दादर. एवढे करून हाती जे येते त्यातून बियाण्याची उधारी फिटत नाही. मग रेंजच्या कडेचा शेतकरी हिशेब करतो. आज मरण्याची शक्यता थोडी, उद्या उपाशी राहण्याची खात्री पुरी. तो अडाणी नाही. त्याचा हिशेब बरोबर आहे, म्हणून तर ही गोष्ट इतकी भयंकर आहे. ज्या देशात बॉम्ब फोडून तांबे काढणे हे ज्वारी पेरण्यापेक्षा शहाणपणाचे ठरते, त्या देशाच्या शेतीधोरणात खोट आहे. शेतकऱ्याच्या डोक्यात नाही.

आमचे म्हणणे लष्कराविरुद्ध आहे असा कोणी कांगावा करू नये. जवान कोणाचा पोरगा असतो? आपलाच. १० ऑक्टोबर २०२४ रोजी देवळालीला सरावात तोफेचा गोळा फुटून दोन अग्निवीर गेले. तेही गरीब घरचेच असणार. श्रीमंताची पोरे चार वर्षांच्या नोकरीला तोफेपाशी उभी राहत नाहीत. रेंजच्या कुंपणाच्या आत भारताचा पोरगा आहे, कुंपणाच्या बाहेर भारताचाच बाप आहे. शरद जोशींनी इंडिया आणि भारत अशी जी रेघ दाखवून दिली ती त्या कुंपणावरून जात नाही. ती दोघांना एका बाजूला ठेवून दिल्लीच्या दिशेने जाते.

गोळीचे आणि आपले नाते नंदुरबारला नव्याने सांगायला नको. ९ सप्टेंबर १९४२ रोजी शिरीषकुमार मेहता आणि त्याचे चार सोबती याच गावात इंग्रजांच्या गोळीने पडले. पोरगा पुरता सोळा वर्षांचाही नव्हता. तो इंग्रज गेला. पण १० डिसेंबर १९८६ ला कापसाच्या भावासाठी रस्त्यावर आलेले तीन शेतकरी हिंगोलीकडे सुरेगावला पोलिसांच्या गोळीने पडले. ९ ऑगस्ट २०११ ला मावळात पवनेच्या पाण्यासाठी तिघे पडले, त्यांत एक बाई होती. ६ जून २०१७ ला मंदसौरला भाव मागणारे पाच शेतकरी पोलिसांच्या गोळ्यांनी मेले. या प्रत्येक ठिकाणी गोळीबारानंतर काय झाले असेल? पंचनामा झाला असेल, किती राउंड झाडले ते लिहिले असेल, पुंगळ्या जमा करून मोजल्या असतील. पुंगळ्यांचा हिशेब जुळला असेल. ज्या भावासाठी ती माणसे रस्त्यावर आली त्या भावाचा हिशेब मात्र अजून जुळलेला नाही.

आता कायद्याकडे येऊ, कारण आपले लोक कायद्याचे नाव ऐकले की मान खाली घालतात. या रेंज ज्या कायद्याखाली चालतात तो इंग्रजांच्या काळातला, १९३८ सालचा आहे. लष्करी कवायती, मैदानी गोळीबार आणि तोफखान्याचा सराव यांविषयीचा तो कायदा. सरावाच्या दिवसांत धोक्याचे क्षेत्र जाहीर करून माणसे आणि जनावरे बाहेर काढण्याचा अधिकार तो लष्कराला देतो. एवढे सगळ्यांना माहीत असते, कारण दवंडी तेवढीच पिटतात. पण तोच कायदा आणखीही काही सांगतो. सरावामुळे माणसाचे किंवा मालमत्तेचे नुकसान झाले तर संरक्षण खात्याच्या पैशातून भरपाई द्यायची. बाहेर काढल्यामुळे रोजगार बुडाला, पीक बिघडले, तर त्याचीही भरपाई.  नुकसान ठरवायला कलेक्टरने महसुलाचा अधिकारी नेमायचा. इंग्रजाने हे लिहून ठेवले. शेतकऱ्यावर दया म्हणून नव्हे. भरपाई न देता शेतातून माणूस उठवला तर तो रेंजमध्ये पुन्हा शिरतो, एवढे व्यवहारज्ञान त्याला होते.

मग रेंजच्या कडेच्या किती शेतकऱ्यांना ही कलमे कोणी वाचून दाखवली? राहुरी, पारनेर आणि नगर तालुक्यांतल्या गावांवर के. के. रेंजच्या विस्ताराची टांगती तलवार वर्षानुवर्षे आहे. २०२० मध्ये तिथले लोक खवळून उठले. सात-बारावर सावली पडली की बँक कर्ज देत नाही, जमिनीला गिऱ्हाईक मिळत नाही, विहीर खणायला हात धजत नाही. जमीन घेतलेली नसते आणि राहिलेलीही नसते. असा शेतकरी उद्या भंगार वेचायला गेला तर त्याला चोर म्हणायचे?

आता उपाय. "सरकारने मृतांच्या वारसांना मदत द्यावी" असा ठराव करून मोकळे होणे सोपे आहे. मदत द्यावीच. पण मेल्यावर मिळणाऱ्या मदतीची मागणी करणारी आपली चळवळ नाही. आपल्याला भीक नको, दाम हवा.

भंगार जर कोणीतरी गोळा करणारच आहे, तर ते कोणी करायचे आणि पैसा कोणाच्या घरी जायचा, हा खरा सवाल आहे. आज जिथे ठेका दिला जातो तिथे नफा ठेकेदाराचा आणि हात गावकऱ्याचे. जिथे ठेका नाही तिथे रात्रीच्या अंधारात वेचायचे आणि भंगारवाला देईल त्या भावाला विकायचे. तक्रार केली तर आपणच गुन्हेगार. कापूस खेडा खरेदीवाल्याला घालणारा शेतकरी ही गोष्ट लगेच ओळखेल. माल आपला, काटा त्याचा, भाव त्याचा.

याला दुसरी वाट आहे, आणि ती त्याच केसला भागातल्या लोकांनी दाखवली. तवा धरणात मासे धरण्याचा हक्क ठेकेदाराकडे होता. ज्यांची गावे बुडाली ते आपल्याच पाण्यात चोर ठरत होते. लढून लढून १९९६ मध्ये त्यांनी तो हक्क आपल्या सहकारी संघाकडे, तवा मत्स्य संघाकडे, आणला. दहा वर्षे तो चालवून दाखवला. मासळीचे उत्पादन वाढले, मजुरी वाढली, ठेकेदाराची गरज नाही हे सिद्ध झाले. पुढे सरकारने हक्काची मुदत वाढवली नाही, तो सरकारचा नाकर्तेपणा, लोकांचा नव्हे. सरदार सरोवरात अक्कलकुवा आणि धडगावची गावे गेलेल्या आपल्या जिल्ह्याला यातला अर्थ निराळा समजावून सांगायला नको.

म्हणून जिल्हा बैठकीपुढे आमचे म्हणणे असे आहे.

एक. प्रत्येक मोठ्या सरावानंतर लष्कराच्या तज्ज्ञ पथकाने रेंज साफ करावी, न फुटलेले गोळे जागीच नष्ट करावेत, आणि तसे केल्याचे ग्रामसभेला लेखी कळवावे. पुंगळी मोजणाऱ्यांना गोळा मोजणे अवघड नाही.

दोन. साफ झालेल्या भागातले भंगार वेचण्याचा आणि निवडण्याचा हक्क ठेकेदाराऐवजी रेंजने बाधित झालेल्या गावांच्या सहकारी संस्थेला मिळावा. लष्कराच्या देखरेखीखाली, शिकवून, विमा उतरवून, वजनकाट्यावर, उघड लिलावाच्या भावाने.

तीन. १९३८ च्या कायद्यातली भरपाईची कलमे मराठीत छापून रेंजच्या कडेच्या प्रत्येक ग्रामपंचायतीत लावावीत. धोक्याच्या फलकाशेजारीच लावावीत.

चार. विस्तारासाठी जमीन हवी असेल तर काय ते सांगा आणि बाजारभावाने घ्या. नको असेल तर सात-बारावरची सावली काढून टाका.

आणि पाचवे, ज्यावाचून वरची चारही फुकट आहेत. कापूस आणि ज्वारी यांचा बाजार मोकळा करा. आमचा माल घरात येतो त्या महिन्यांत आयातीची दारे उघडून भाव पाडू नका. कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरात ज्या दिवशी घामाचा दाम येईल, त्या दिवशी तांब्याच्या पट्ट्यासाठी कोणी गोळ्यावर घण घालणार नाही. तेव्हा फलकाचीही गरज उरणार नाही.

तोपर्यंत आपल्या माणसांना एवढे सांगा. आपली पोरे ऊसतोडीला, वीटभट्टीला, मजुरीला लांब जातात. राहुरी-पारनेरकडे असोत, नाशिककडे असोत, वर्ध्याकडे असोत, त्यांना निघताना बजावून सांगा. मातीत रुतलेल्या, गंजलेल्या, माशासारखे पर असलेल्या कोणत्याही धातूच्या वस्तूला हात लावू नये, दगड मारू नये, पालावर आणू नये. जागेची खूण लक्षात ठेवून मागे फिरावे आणि पोलीस पाटलाला सांगावे. जिवंत काडतूस परवान्याशिवाय जवळ बाळगणे हा १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली गुन्हा आहे. रिकामी पुंगळी आणि जिवंत गोळी यांतला फरक पोरांना कळेलच असे नाही. भंगारवाला "आणा, बघू" म्हणेल. त्याचे काय जाते? गोळा फुटला तर तो दुकानात असतो.

ती पुंगळी आमच्याकडेच आहे. पोराला विचारून ठेवून घेतली. पुढच्या बैठकीत कापसाच्या खर्चाचा कागद टेबलावर ठेवू, तो पंख्याने उडू नये म्हणून त्यावर ही ठेवू. त्या पोरालाही बोलावले आहे. त्याच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर आम्ही इथे दिले. उरलेले अर्धे ठरावाच्या वेळी तुम्ही सगळ्यांनी हात वर करून द्यायचे आहे.